दोन पेल्यांची युक्ती

"दहा! लिहून ठेव! उतरताना माझ्या मागून दहा माणसं 'मामा, मामा' करत उतरली नाहीत, तर नाव बदलीन!"

बंदरावर सामानाच्या रांगेत उभं राहून मामांनी भाच्याला हे बजावलं, तेही इतक्या खणखणीत आवाजात, की पुढच्या बाईंनी आपली बॅग मुकाट्याने दुसऱ्या हातात घेतली.

"मामा, जहाजावर आता पूर्वीसारखं राहिलं नाही म्हणतात," भाचा हळूच म्हणाला.

"कोण म्हणतं? ज्यांनी समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिलाय ते! अरे, अडतीस वर्षं काढलीत मी बोटीवर. माशाला पोहायला शिकवतोस?"

"दहा राहू देत. एक मिळाला तरी पुरे. घरी आल्यावर तुला फोन करणारा एक."

"एक? एक तर मी शिडी चढता चढताच मिळवीन!"

आता ही एकाची आणि दहाची काय भानगड, ते सांगतो. मामा म्हणजे प्रवासी जहाजावरचे जुने वेटर. दारूच्या काउंटरपाशी अडतीस वर्षं उभे राहिले, लोकांच्या पेल्यांत दारूची तळीच्या तळी रिकामी केली, पण स्वतः कधी थेंबाला शिवले नाहीत. सोडा तेवढा प्यायचे, तोही लिंबू पिळून. निवृत्त झाल्यावर मामी होत्या तोवर घर बोलतं होतं. तीन वर्षांपूर्वी मामी गेल्या आणि घर मूग गिळून बसलं. मग मामांनी बोलायचं कुणाशी? कुकरशी! कुकरने शिट्टी दिली की "हो हो, ऐकलं, बहिरा नाही झालो अजून!" म्हणून त्याच्यावर खेकसायचे. फोन वाजायचा तो चुकून लागलेला. पण मामा त्यालाही सोडत नसत. एकदा गॅसच्या दुकानाला लावलेला फोन यांच्याकडे लागला, तर त्या गृहस्थाला यांनी मुलीच्या परीक्षेपासून सासऱ्याच्या गुडघेदुखीपर्यंत पाऊण तास बोलतं ठेवलं. त्याचा गॅस त्या दिवशी आला नाही तो नाहीच.

हे भाच्याच्या कानावर गेलं. त्याने आठ दिवसांच्या सफरीचं तिकीट काढलं. वर पेयांचं पॅकेज. मनगटाला हिरवा पट्टा बांधायचा, काउंटरवरच्या यंत्राला टेकवायचा आणि हवं ते प्यायचं, चहापासून शॅम्पेनपर्यंत!

"पण मी घेत नाही, ठाऊक आहे ना तुला?"

"लिंबू सोडा घे. पॅकेजशिवाय तिकीटच देत नव्हते."

मामांच्या अंगात एवढी हवा भरली होती ती त्यांच्या एका जुन्या युक्तीच्या जोरावर. त्यांच्या काळी जहाजावर एकटा आलेला माणूस पहिल्या दिवशी पुस्तकात तोंड खुपसून बसायचा. मामा बरोबर हेरायचे, या पुस्तकाचं पान गेल्या अर्ध्या तासात उलटलेलं नाही! मग असाच दुसरा एकटा जीव शोधायचा. दोन पेले भरायचे. पहिला याच्यापुढे ठेवून कानात सांगायचं, "त्या खिडकीजवळच्या बाईंकडून." दुसरा तिच्यापुढे ठेवून सांगायचं, "त्या खांबाजवळच्या साहेबांकडून." आणि मागे वळून न पाहता निघून यायचं. पाच मिनिटांत दोन्ही पेले एका टेबलावर!

या युक्तीने मामांनी अकरा लग्नं जुळवली, एक छापखाना भागीदारीत काढून दिला, आणि सख्ख्या भावांचा वीस वर्षांचा अबोला संपवला. एक घटस्फोटही झाला होता, पण तो मामा धरत नसत. म्हणत, "त्या दिवशी सोड्याचा गॅसच गेलेला होता."

तर असे मामा शिडी चढले. शिडीवर कुणी भेटलं नाही. प्रत्येकाच्या कानात ती गाणी ऐकायची बोंडं!

जहाज पाहून मामा चक्रावलेच. जहाज कसलं, आडवी पाडलेली वीस मजली इमारत! पोटात अशी यंत्रं की लाटा खाली डोकं आपटून घेतात आणि वर टेबलावरचा चमचा हलत नाही. मामांचे पाय मात्र जुन्या वळणाचे. जहाज उजवीकडे कललं की डावीकडे झुकायचं, डावीकडे कललं की उजवीकडे. इथे जहाज कलेचना, तरी मामा आपले झुकत होते. त्या लांबलचक कॉरिडॉरमधून ते असे चालले, की समोरून येणारी माणसं आपोआप भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

जेवणघरात तर आणखी गंमत. मामांच्या काळी दहा-दहा माणसांची लांब टेबलं असत. कुणाला कुणाशेजारी बसवायचं हे वेटर ठरवत, आणि तिसऱ्या दिवशी टेबलावर भांडण नाही झालं तर स्वयंपाक्याला चिंता पडे. आता जिकडे पाहावं तिकडे दोघांची टेबलं, आणि त्यांच्यावरही बसलेला एकेक. जेवण मोबाइलवर मागवायचं, बिल नाही, टीप नाही, "काय घेणार?" हे विचारणाराही नाही.

मामा शेजारच्या टेबलावरच्या दाढीवाल्याकडे वळले. चाळिशीचा गृहस्थ, दाढी अशी दाट की सांडलेला घास परत मिळायचा नाही.

"काय घेणार? आज माझ्याकडून!" मामा म्हणाले.

दाढीवाल्याने कानातलं एक बोंड काढलं. "सॉरी काका?"

"म्हटलं, एक पेला माझ्याकडून."

"माझं पॅकेज आहे काका," त्याने मनगटावरचा हिरवा पट्टा दाखवला आणि बोंड परत कानात घातलं.

मामा पलीकडे गेले. "ताई, तुम्ही?"

"पॅकेज आहे."

"आजोबा, तुम्ही?"

"पॅकेज!"

आजोबा मामांपेक्षा दहा वर्षांनी लहान असतील, पण ते सोडा. तासाभरात मामांनी तीस माणसांना विचारलं आणि तीसच्या तीस मनगटं पाहिली. मामांना वाटलं आपण वेटर नसून बांगड्या भरणारे कासार आहोत! सगळ्यांकडे सगळं होतं. कुणी कुणाला काही पाजायची सोयच उरलेली नव्हती.

मामा काउंटरवर गेले. तिथे पन्नाशीच्या एक बाई होत्या. चेहरा बंद दुकानाच्या फळीसारखा.

"दोन लिंबू सोडे द्या."

"एका वेळी एकच. नियम आहे."

"बरं, एक द्या, मग दुसरा द्या."

"दोन पेल्यांमध्ये पाव तास. नियम आहे."

"बरं, पण तेवढा एक त्या टेबलावर पाठवा, माझ्या नावाने."

"आपला पेला दुसऱ्याला देता येत नाही. नियम आहे. दिवसाला पंधरा. सोळावा मिळत नाही. पंधरा झाले किंवा दुसऱ्याला देताना आढळलात, तर पट्टा लाल होतो. लाल झाला की फक्त पाणी."

"मग माणसं एकमेकांशी ओळख करतात कशी हो?"

बाईंनी थोडा विचार केला. असा प्रश्न त्यांच्या नियमांत नसावा. "करत नाहीत," त्या म्हणाल्या आणि काउंटर पुसू लागल्या.

त्या संध्याकाळी मामा दोघांच्या टेबलावर एकटे जेवले. समोरची खुर्ची इतकी नवीकोरी की तिच्यावर कुणी कधी बसलंच नसावं. घरी निदान कुकर तरी होता.

पण मामा हार मानणाऱ्यांतले नव्हेत. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊलाच इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते वरच्या डेकवर हजर! युक्ती तीच, फक्त पेले एकामागून एक न्यायचे. पाव तासाने काय होतंय?

पाव तासाने काय होतं ते ऐका!

दाढीवाला कठड्याशी एकटा बसला होता. पलीकडे एक टोपीवाली बाई, टोपी छत्रीएवढी, तीही एकटी. मामांनी पहिला सोडा घेतला. कुठूनसा रिकामा ट्रे उचलला, कारण हातात ट्रे नसेल तर मामांना धड चालता येत नसे. पेला दाढीवाल्यापुढे ठेवला आणि कानात सांगितलं, "त्या टोपीवाल्या बाईंकडून."

दाढीवाला ताडकन सरळ बसला. दोन्ही बोंडं काढली! दाढीवरून हात फिरवला. बाईंकडे पाहून पेला उंचावला. बाईंनी मागे वळून पाहिलं, हा कुणाकडे बघतोय म्हणून. अजून मामांचा दुसरा पेला मिळायला बारा मिनिटं होती. दाढीवाला उठला. मामा काउंटरवरून हातवारे करू लागले, "थांबा! बसा! अजून नाही!" दाढीवाल्याला वाटलं, हा म्हातारा आपल्याला "जा, जा, बिनधास्त जा" म्हणतोय. तो गेला.

"थँक यू हं," तो टोपीवाल्या बाईंना म्हणाला. "अगदी मनातलं पाठवलंत."

"मी? मी काय पाठवलं?"

"लाजू नका. मीही एकटाच आहे."

तेवढ्यात त्या छत्रीएवढ्या टोपीच्या मागून एक नवरा उगवला! तो तिथेच होता हो, टोपीच्या सावलीत झोपलेला.

"काय पाठवलंस गं तू याला?"

"अहो, मी काही नाही पाठवलं!"

"मग हा थँक यू कशाचं म्हणतोय? लग्नाला तीन वर्षं झाली, मला कधी पाण्याचा तांब्या पाठवला नाहीस!"

आणि जे सुरू झालं ते सुरू झालं. मामांच्या अकरा लग्नांच्या खात्यात आता एक उणे होतं की काय, अशी वेळ आली. ते लगबगीने निस्तरायला निघाले, पण वाटेत एका आरामखुर्चीतून हात वर झाला.

"वेटर, एक बिअर. थंड."

अडतीस वर्षांची सवय! मामांच्या तोंडून त्यांच्या परवानगीवाचून निघालं, "आत्ता आणतो!"

झालं! पांढरा शर्ट, हातात ट्रे आणि "आत्ता आणतो". लोकांना आणखी काय पुरावा हवा? काउंटरपर्यंत चालायचा कंटाळा आलेलं ते अख्खं डेक जागं झालं. "काका, एक वाइन!" "अहो, इकडे एक कॉफी!" "हे घाणेरडे पेले उचला आधी!" आणि मामा प्रत्येकाला "आत्ता आणतो!" स्वतःच्या सुट्टीत, स्वतःच्या पट्ट्यावर, पाव तासाला एक पेला या वेगाने मामा अख्खं डेक सांभाळू लागले! मोठ्या पाटात एका चमच्याने पाणी सोडावं तसं. लोक कुरकुरायला लागले. "हा म्हातारा फार हळू आहे." "कंपनी हल्ली कुणालाही ठेवते."

पण खरं सांगू? मामा खुशीत होते. कालपासून पहिल्यांदा लोक त्यांच्याशी बोलत होते. "वेटर, एक बिअर" हे काही बोलणं नव्हे, हे त्यांनाही कळत होतं. तरी ते कुकरपेक्षा बरं होतं.

साडेबाराच्या सुमारास कोपऱ्यातून एक आवाज आला. "ऐकलं का? एक लिंबू सोडा. साखर अगदी कमी."

लाल स्वेटरातली एक बाई, साठीच्या पुढची, डोळ्यांवर चष्मा, हातात शब्दकोड्याचं पुस्तक. मामांची नजर बरोबर तिथेच गेली. पेन्सिल हातात होती, पण चौकोन सगळे रिकामे. म्हणजे हीसुद्धा एकटी!

"आत्ता आणतो!" मामा म्हणाले, आणि या वेळी मनापासून म्हणाले. अगोदर ट्रेवरची कुणाचीशी बिअर पोचती केली. तो पंधरावा पेला होता.

पट्टा लाल झाला. नुसता लाल नाही, टींटीं करून ओरडायला लागला. पाठोपाठ चाकाची खुर्ची घेऊन जहाजाची डॉक्टरीणबाई हजर!

"बसा आजोबा. घाबरू नका. सकाळपासून पंधरा झालेत तुमचे. सहा बिअर, चार वाइन…"

"मी थेंबही घेतलेला नाही!"

"सगळे तसंच म्हणतात."

"अहो, मी जन्मात घेतलेली नाही!"

"हे मात्र फक्त सहाव्या बिअरनंतर म्हणतात. बरं, या फरशीच्या पट्टीवरून सरळ चालून दाखवा बघू."

मामा छाती काढून चालायला लागले. आणि पायांनी घात केला! पहिलं पाऊल डावीकडे, दुसरं उजवीकडे, तिसऱ्याला मामा कठड्याशी. हात दाखवून अवलक्षण!

"हा जहाजाचा दोष आहे!" मामा ओरडले. "जहाज हलत नाहीये!"

दारू चढल्याचं यापेक्षा पक्कं लक्षण डॉक्टरीणबाईंनी आजवर ऐकलं नव्हतं. मामांना खुर्चीत बसवून, पट्ट्याने बांधून, डेकवरून मिरवत नेलं. लाल स्वेटरवाल्या बाईंनी पुस्तकावरून मान वर केली. "आणि माझा सोडा?"

"आत्ता आणतो!" खुर्चीतून मामा म्हणाले.

तिसऱ्या दिवशी मामा जेवणघरात आले ते डॉक्टरीणबाईंनी सफरभर लालच ठेवलेला पट्टा घेऊन. समोर पाण्याचा एक पेला. तीन हजार माणसांच्या जहाजावर पॅकेज नसलेला एकमेव माणूस! लोक पाहायचे आणि नजर चुकवायचे. मामांनी मान खाली घातली आणि ते पाणी चघळत चघळत प्यायले.

तेवढ्यात टेबलाखालून काहीतरी गार त्यांच्या गुडघ्याला लागलं. दाढीवाला समोरच्या खुर्चीवर बसला होता आणि तोंड भलतीकडे करून पुटपुटत होता, "काका, घ्या. बिअर आहे. कुणी बघत नाहीये. माझ्यामुळेच झालं सगळं. तुम्ही मला एवढी मदत करायला गेलात…"

"अहो, पण मी घेत…" 'नाही' म्हणायला मामांनी तोंड उघडलं. मग त्यांनी समोर पाहिलं. ती नवीकोरी खुर्ची! तिच्यावर माणूस बसला होता! मामांनी 'नाही' गिळलं. "मी घेतो की! बसा ना, पाच मिनिटं बसा."

दाढीवाला तासभर बसला. त्याच्या मुलीला दात येत होते, बायको माहेरी निघून गेली होती आणि दाढी त्याने त्या दिवसापासून वाढवली होती, हे सगळं मामांना कळलं. बिअर शेजारच्या मोठ्या कुंडीत गेली.

संध्याकाळी टोपीवाल्या बाई आल्या. टोपीच्या आत पेला! मागोमाग त्यांचा नवरा, बुटाएवढी बाटली खिशात लपवत. "काका, आमचं भांडण बघितलंत ना तुम्ही? तीन वर्षांत पहिल्यांदा इतकं बोललो आम्ही. घ्या!" चौथ्या दिवशी एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. आयुष्यात कधी रांग मोडलेली नव्हती त्यांनी. शालीखालून वाइनचा पेला काढताना त्यांचा चेहरा असा उजळला, की त्या चौदा वर्षांच्या दिसायला लागल्या! "पकडले गेलो तर?" त्या कुजबुजल्या. "तर काय?" मामा म्हणाले. "पायाचे अंगठे धरून उभे राहू."

ज्यांना कुणाला काही देता येत नव्हतं, त्यांना सगळ्या जहाजावर देण्याजोगा एकच माणूस सापडला होता. पाचव्या दिवशी लोकांनी टेबलं जोडली. सहाव्या दिवशी पत्ते आले. सातव्या दिवशी मामांनी माणसं मोजली. दाढीवाला, टोपीवाली, नवरा, मुख्याध्यापिका असं करत करत बरोब्बर दहा! कानात बोंड एकाच्याही नाही. फक्त कुंडीतलं झाड तेवढं एका बाजूला कललं होतं आणि वारा नसताना डुलत होतं.

मामा दिवसातून चारदा पाणी आणायला काउंटरवर जायचे आणि त्या बंद दुकानाला आपल्या अकरा लग्नांच्या, दोन पेल्यांच्या गोष्टी सांगायचे. बाई काउंटर पुसत ऐकायच्या. हसल्या कधी नाहीत. "पुढे?" असं मात्र एकदा म्हणाल्या होत्या.

एकच व्यक्ती टेबलाकडे फिरकली नाही. लाल स्वेटर. कोपऱ्यात बसून रिकामे चौकोन पाहत असायची, आणि मामा समोरून गेले की घड्याळाकडे बघायची.

पण दैव देतं आणि भाचा नेतो! इकडे कंपनीने त्याला कळवलं होतं, 'आपल्या मामांचं मद्यपान थांबवण्यात आलं आहे.' भाचा खवळला. पाच दिवस फोनाफोनी, पत्रं, घरच्या डॉक्टरांचा दाखला! आणि आठव्या दिवशी सकाळी, जहाज बंदराला लागायच्या दोन तास आधी, जहाजाचे एक बडे अधिकारी टोपी काखेत धरून मामांच्या टेबलापाशी आले. दहाही जण पत्ते लपवून उभे राहिले.

"आजोबा, आमची फार मोठी चूक झाली. आपण कधीच घेत नाही हे सिद्ध झालं आहे. आपलं पॅकेज सन्मानाने परत देत आहोत." आणि त्यांनी सर्वांदेखत मामांच्या मनगटाला हिरवा पट्टा बांधला.

टाळ्या! "अरे वा काका!" "अभिनंदन हं!" दाढीवाल्याने पाठ थोपटली. मुख्याध्यापिकांनी शालीखालचा पेला काढून पाहिला आणि स्वतःच प्यायल्या. "घेतच नव्हते म्हणजे?" टोपीवाल्या बाई नवऱ्याला विचारत होत्या. "मग आपण एवढे दिवस कुणाला पाजलं?" नवऱ्याने कुंडीकडे पाहिलं. मग, "बॅगा भरायच्यात अजून," कुणीतरी म्हणालं. "हो, मलाही." कुणी रागावून गेलं नाही. आता पाजायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून माणसं नुसती पांगली. दहा मिनिटांत दहा खुर्च्या रिकाम्या! पत्त्यांचा जोडसुद्धा मालक घेऊन गेला.

मामा तडक काउंटरवर गेले.

"बाई, हा पट्टा लाल करा."

"कारण?"

"मी दारुडा आहे!"

"नाही. दाखला आलाय."

"दाखला खोटा आहे! आत्ताही चढलीय मला! हे बघा!" आणि मामा फरशीच्या पट्टीवरून चालायला लागले. आज घात व्हावा म्हणून प्रार्थना करत! पण आठ दिवसांत त्या मूर्ख पायांना अखेर कळून चुकलं होतं, की हे जहाज हलत नाही. मामा पट्टीवरून असे नाकासमोर सरळ चालत गेले, की शाळेच्या कवायतीत पहिला नंबर यावा.

परत आले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. "चष्म्यात काहीतरी गेलं," ते म्हणाले. मामा चष्मा लावत नसत.

काउंटरवर एक लिंबू सोडा ठेवलेला होता.

"हा घ्या," बाई काउंटर पुसत म्हणाल्या. "त्या लाल स्वेटरवाल्या बाईंकडून."

मामांनी वळून पाहिलं. कोपऱ्यात लाल स्वेटर, आणि तिच्याही पुढ्यात तस्साच एक सोडा! ती पेल्याकडे पाहत होती, मग मामांकडे.

अडतीस वर्षं ज्या युक्तीने जग फसवलं, ती मामांना कळणार नाही? त्यांनी बाईंकडे पाहिलं. चेहरा बंद दुकान.

"कुणाच्या पट्ट्यावर काढलेत हे दोन?"

"आजोबा, सोड्यातला गॅस जातोय."

मामांनी शर्ट नीट केला. आपल्याच युक्तीला बळी पडायला निघालेला माणूस कसा चालतो ते तुम्ही पाहायला हवं होतं! तो पेला हातात, आणि ट्रे नसतानाही पाय सरळ.

"नमस्कार," मामा म्हणाले. "हा… तुमच्याकडून?"

लाल स्वेटरने चष्मा खाली सरकवला. "माझ्याकडून? अहो, ती काउंटरवरची बाई म्हणाली, हा तुम्ही पाठवलात. पाठवलात कसला! सहा दिवसांपूर्वी मागवला होता मी! वरातीमागून घोडं! आणि साखर कमी सांगितली होती, हा नुसता पाक आहे. बदलून आणा!"

मामांना कितीतरी बोलायचं होतं. मी वेटर नव्हे, प्रवासी आहे. मीही एकटा आहे. तुमचं कोडं सोडवू का दोघं मिळून? पण तोंडातून निघालं ते अडतीस वर्षांचंच.

"आत्ता आणतो!"

काउंटरवर ही झुंबड! दहा वाजता पॅकेज संपणार म्हणून अख्खं जहाज शेवटचा पेला वसूल करायला लोटलेलं. मामा रांगेत कोपरं खात उभे राहिले. साखर कमी घातलेला सोडा घेऊन पोचले, तर लाल स्वेटर बॅग खांद्याला लावून टेबलाखाली वाकलेली.

"काय हरवलं?"

"चष्म्याची डबी! आत वाचायचा चष्मा. हा लांबचा आहे. घरी आणखी एक आहे म्हणा, पण तो मला शोभत नाही. शोधायला वेळ नाही, उतरायला माझी पाळी पुकारली." तिने सोडा उभ्यानेच एका दमात संपवला, आणि पहिल्यांदाच हसली. "आता कसा जमला! तुम्ही इथलेच ना? हा माझा फोन नंबर. सापडली तर फोन करा. विसरू नका हं, तुमचा काही भरवसा नाही."

कागदी रुमालावर पेन्सिलीने लिहिलेला नंबर मामांच्या हातात देऊन ती गर्दीत शिरली.

मामा तिच्या खुर्चीत मटकन बसले. आणि खालून 'कट्' असा आवाज आला. गादीच्या फटीत बोट घातलं. डबी!

लाल स्वेटर अजून जिन्याच्या तोंडाशी दिसत होता. एक हाक पुरली असती. मामा उठले. तोंड उघडलं.

मग सावकाश मिटलं, आणि डबी खिशात टाकली.

बंदरावर भाचा वाट पाहत उभा होता. मामांच्या मागे त्याने वाकून पाहिलं. कुणीच नव्हतं. "मामा, कुठायत ते दहा?"

मामांनी कागदी रुमाल काढून त्याच्या नाकासमोर धरला.

"फोन नंबर? बाईंचा? अरे वा! मग कधी करणार फोन?"

"उद्या," मामा म्हणाले. जमिनीवर पाय ठेवताच ते पुन्हा डावी-उजवीकडे झुकायला लागले होते. "उद्या फक्त झाकण सापडल्याचं कळवीन. डबी पुढच्या आठवड्यात सापडेल. आणि चष्म्याचं म्हणशील, तर एवढं मोठं जहाज… महिना-दोन महिने तरी शोधावा लागेल बघ!"